चुन्याआडची भिंत

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया आणि डोंगरगड या दोन स्थानकांच्या दरम्यान, सालेकसा हे तालुक्याचे गाव आहे. भोवती धानाची शेती, त्यापलीकडे अरण्य, आणि त्याही पलीकडे छत्तीसगड व मध्य प्रदेश यांच्या सीमा. अशा तालुक्याच्या गावी शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, वनखात्याचे कर्मचारी बदलीवर येतात आणि भाड्याची खोली शोधतात. खोली म्हणजे बहुधा घरमालकाच्याच घराचा एक भाग असतो. वर कवेलूचे छप्पर किंवा पत्रे, मातीची अथवा विटांची भिंत आणि मागे सामाईक विहीर किंवा बोअरवेल. भाडे तोंडी ठरते. दुरुस्तीचा विषय पहिला पाऊस गळू लागेपर्यंत कोणी काढीत नाही.

या भागातील जुन्या घरांच्या भिंतीवर आम्हांला एक खूण नेहमी आकर्षित करीत आली आहे. हिवताप निर्मूलनाच्या फवारणीची ती नोंद. १९५३ साली आपल्या देशात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. फवारणीचे पथक गावात येई, घरोघरी आतल्या भिंतींवर डीडीटी मारी आणि दाराशेजारी तारीख लिहून जाई. पुढे आरोग्य कर्मचारी पंधरवड्यातून एकदा दारी येऊन ‘घरात कुणाला ताप?’ असे विचारू लागला. तपासणीसाठी घर कसे तयार ठेवावे, हे खेड्यातल्या माणसाला पहिल्यांदा शिकवले ते या पथकांनी. धान्य झाकावे, भांडीकुंडी व अंथरूण अंगणात काढावे, खाटा भिंतीपासून दूर घ्याव्यात, लेकरांना आणि कोंबड्यांना बाहेर ठेवावे, एवढी ती तयारी होती.

पण फवारणी झाल्यावर काय होई? घरची गृहिणी भिंतीवरचे पांढुरके डाग पाही. सण तोंडावर आलेला असे. मग ती शेणामातीचा हात फिरवून भिंत स्वच्छ सारवून टाकी, किंवा पांढऱ्या मातीने पोतारून घेई. घर पुन्हा देखणे दिसे. मात्र रक्त पिऊन जड झालेला डास जिथे विसावतो, त्या भिंतीवरचे औषध मातीच्या थराखाली गाडले जाई. औषधाचा अंमल राहावा म्हणून निदान अडीच-तीन महिने भिंत सारवू नये, असे कर्मचारी सांगत. पण का सारवू नये, हे प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचत नसे. स्वच्छतेच्या प्रेमापोटीच संरक्षण पुसले जात होते. त्या गृहिणीला दोष देण्याचे धाडस आम्हांला होत नाही. परंतु भाड्याच्या घरांच्या आरोग्य-तपासणीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळताना तिची ती सारवलेली भिंत आम्हांला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. त्या इतिहासात चुना, माती आणि रंग यांनी दोन परस्परविरोधी कामे केली आहेत. कधी त्यांनी घर निर्मळ केले, तर कधी घराचे दुखणे झाकले.

मांडवीतला डॉक्टर

या इतिहासाचा आरंभ आपल्याच समाजाच्या एका पुत्रापासून करावा लागतो. गोव्यातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन मांडवी भागात व्यवसाय करीत होते. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची कोठारे आणि त्यांच्या डोक्यावर व आजूबाजूला खच्चून भरलेल्या भाड्याच्या चाळी. १८९६ च्या सप्टेंबरात तिथे ताप आणि गाठीचे रुग्ण दिसू लागले. २३ सप्टेंबर रोजी डॉ. व्हिएगस यांनी हा आजार म्हणजे गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. व्यापाराचे शहर असे निदान ऐकायला उत्सुक नव्हते; पण ते खरे ठरले. डॉ. व्हिएगस वस्त्यांची सफाई व उंदरांचा नायनाट यांचा आग्रह धरून राहिले. पुढे १९०६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मेट्रो चित्रपटगृहासमोरचा त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. धोबीतलावला येताजाता त्याखालचे नाव वाचायला मात्र थोडेच थांबले असतील.

त्याच धोबीतलावच्या परिसरात गोवेकरांची ‘कूड’ नावाची वसतिस्थाने होती. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, बटलर अल्प वर्गणी भरून आपापल्या गावच्या कुडात उतरत. भिंतीलगत पेट्यांची रांग आणि एका बाजूला गावच्या संताची वेदी, असे त्यांचे रूप असे. मुंबईत भाड्याने राहणारा कामकरी, मग तो कोकणातला असो, घाटावरचा असो वा गोव्याचा, अशाच दाटीत राहत होता. प्लेगचे निदान झाले, तेव्हा तपासणीचा रोख साहजिकच या दाटीकडे वळला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईसाठी प्लेग समिती नेमली गेली. घरे पाहणारी पथके चाळींत शिरू लागली. अंधाऱ्या खोल्यांत सूर्यप्रकाश यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. भिंतींना चुना फासला गेला. बंबांनी घरे आणि गटारे धुतली गेली. ज्या खोल्या राहण्यास अयोग्य ठरल्या, त्यांच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. मानवी वस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यालाही त्या तीन अक्षरांचा अर्थ दुसऱ्याच दिवशी कळे. आपण बेघर झालो, हा तो अर्थ.

भीतीची तपासणी

या तपासणीसाठी भाडेकरूने कशी तयारी केली? त्याने आजारी माणूस लपवला. माळ्यावर, कपाटामागे, शेजारच्या खोलीत. घरात प्रेत असल्यास ते रात्री गुपचूप हलवले. घरमालकाने भिंतीला चुना लावून दारे बंद केली. लाखो लोक शहर सोडून गावी निघाले आणि त्यांच्या गाठोड्यांसोबत रोगही गेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या एका घरातील आजारी मुलीची तपासणी करण्यावरून दंगल उसळली. पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या थेट माजघरात आणि देवघरात शिरल्या, तेव्हा लोकांच्या मनातील संतापाने टोक गाठले आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच साथीत, त्याच पुण्यात, १० मार्च रोजी रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेगने नेले होते. एकाच शहरात, एकाच आजाराच्या दारात, अधिकार आणि सेवा अशी दोन रूपे उभी होती. लोकांनी कोणापासून माणूस लपवला आणि कोणाच्या खांद्यावर माणूस दिला, हे इतिहासाला ठाऊक आहे.

यात आणखी एक कटू भाग आहे. तपासणी कठोर होती, पण ती चुकीची वस्तू शोधीत होती. १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. तो माणसापर्यंत कसा येतो, हे मात्र उमगले नव्हते. दोष मातीचा, ओलीचा, दुर्गंधीचा मानला जाई. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदराच्या अंगावरील पिसू हा मधला दुवा असल्याचे दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायलाही पुढची काही वर्षे जावी लागली. तोवर धुण्या-फासण्याच्या गडबडीत बिळातले उंदीर एका घरातून उठून दुसऱ्या घरात जात राहिले. वांद्र्याच्या गल्ल्यांतून आजही उभे असलेले त्या काळातील क्रूस पाहताना आम्हांला त्या असहाय कुटुंबांची आठवण होते. ज्यांच्या घराला चुना लागला होता, पण ज्यांना धोका कुठून येतो हे कोणी सांगू शकले नव्हते, अशी ती कुटुंबे.

इंदूरची दिवाळी

याच्या अगदी उलट असा एक प्रसंग मराठ्यांच्याच एका संस्थानात घडला. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे १९१७-१८ च्या सुमारास होळकरांच्या इंदुरात होते. तिथेही प्लेगचा वावर होता आणि नगररचनाकार साहेब म्हणजे घरे पाडणारा साहेब, असा लोकांचा समज होता. गेडिस यांनी घरोघरी पथके धाडली नाहीत. दिवाळीची एक मोठी मिरवणूक त्यांनी आखली आणि जाहीर केले की, मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सर्वाधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून सज्ज असतील, त्याच रस्त्याने ती जाईल. मग काय विचारता! आळ्या-आळ्यांत चढाओढ लागली. अडगळीच्या आणि कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या भरून गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत सफाई कामगार मानाने चालले. अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर यांच्या प्रतिमा निघाल्या आणि शेवटी त्यांचे दहन झाले. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. सरसकट वस्ती पाडण्याला त्यांचा विरोध होता. एखाददुसरे कोसळते घर काढून उरलेल्यांना हवा-उजेड द्यावा, असे ते सांगत.

दोन्ही ठिकाणी घरे साफ झाली, दोन्ही ठिकाणी चुना लागला. फरक इतकाच की, मुंबई-पुण्यात घर दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याच्या भीतीने साफ झाले आणि इंदुरात ते आपले आहे या अभिमानाने. आपल्याकडे धर्मगुरू घरांना आशीर्वाद देण्यासाठी येणार असले की आदल्या आठवड्यात कोपरान् कोपरा झाडला जातो, त्या लगबगीत असाच अभिमान असतो. पाहुण्याच्या स्वागताची तयारी आणि पोलिसाच्या झडतीची तयारी यांत घर तेच असते, मन वेगळे असते.

भाडे गोठले, भिंती थकल्या

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यासाची स्थापना झाली. न्यासाने नागपाडा व अन्य भागांतील दाट वस्ती पाडली, सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या. परंतु पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा मेळ सुरुवातीला बसला नाही. एका वस्तीतून उठलेली गर्दी शेजारच्या वस्तीत जाऊन बसली. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात विकास खात्याने पन्नास हजार गाळ्यांचा संकल्प सोडला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील सुमारे साडेसोळा हजार खोल्या हे संकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच काम होते. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत पिढ्या वाढल्या.

मग महायुद्ध आले आणि घरटंचाई वाढली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे हा आधार धरून भाडी गोठवली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने वाचवले, हे निःसंशय. पण चुन्याचा, सागाचा, गवंड्याचा भाव वाढत गेला आणि भाडे जागच्या जागी राहिले, तेव्हा मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ मध्ये शासनाने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा केला. त्याखाली दक्षिण व मध्य मुंबईतील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त म्हणून मोजल्या गेल्या. १९७० च्या दशकात हे मंडळ म्हाडामध्ये आले. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची पाहणी होते आणि यादी निघते.

आणि दरवर्षी त्या यादीसमोर तोच जुना प्रश्न उभा राहतो. भाडेकरू तडा दाखवीत नाही, कारण तडा दाखवला तर घर खाली करावे लागेल आणि संक्रमण शिबिरात गेलेला शेजारी अजून परतलेला नसतो. मालक तडा दाखवीत नाही, कारण दाखवला तर खर्च अंगावर येईल. दोघेही भिंतीला रंग लावतात. २७ सप्टेंबर २०१३ रोजी पहाटे माझगावच्या डॉकयार्ड रोडजवळील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि साठहून अधिक माणसे गेली. ती इमारत महापालिकेची होती आणि राहणारी कुटुंबे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची. म्हणजे घरमालक आणि तपासनीस ही एकच संस्था होती! दुसऱ्याच्या भिंतीवर नोटीस लावणारा हात स्वतःच्या भिंतीपाशी थबकतो, हा मनुष्यस्वभाव आहे. आज बृहन्मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेण्याची जबाबदारी मालक-रहिवाशांवर आहे. कायदा रास्त आहे. पण त्याचा जीव प्रमाणपत्राच्या कागदात नसून, ते करून घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणात आहे.

पुन्हा सालेकसा

विदर्भाची वाट थोडी निराळी होती. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात होता. इथे १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश चाले. जिथे तो लागू होता, तिथे घर रिकामे झाल्याचे मालकाने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे आणि ते सरकारी नोकराला नेमून दिले जाऊ शके. भाडेकरूला काढण्याची नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षाचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा यांचे तिन्ही जुने कायदे मागे पडले. जागा नीट दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आगाऊ सूचना देऊन, सोयीच्या वेळी जागा पाहण्याचा त्याला हक्क आहे. पाणी-वीज यांसारख्या आवश्यक सोयी तो तोडू शकत नाही. आणि भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. या चार गोष्टी तालुक्याच्या गावातल्या एका खोलीच्या मालकानेही लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. कायदा त्या गावी लागू असो वा नसो, त्या सज्जनपणाच्या गोष्टी आहेत.

आपल्या वाचकांत घरमालक आहेत आणि भाडेकरूही आहेत. वसईच्या वाडीत चार खोल्या बांधून त्यांवर म्हातारपण निभावणारे आहेत, तसेच नोकरीनिमित्त दूर विदर्भात खोली घेऊन राहणारी त्यांची मुलेही आहेत. त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणारे चार शब्द सांगावेसे वाटतात. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, मालक आणि भाडेकरू यांनी मिळून एकदा घर वरपासून खालपर्यंत पाहावे. फुटलेले कवेलू, सरकलेला पत्रा, वाळवी लागलेले वासे प्रथम पाहावेत. मग भिंतीची ओल आणि तडे; त्यांवर रंग देण्याआधी कारण शोधावे. विजेच्या तारा उघड्या आहेत काय, अर्थिंग आहे काय, ओल्या भिंतीत बटण आहे काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. गॅसच्या नळीवरची मुदत वाचावी. विहिरीपासून शौचालयाचा खड्डा पुरेसा दूर असावा आणि पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली जावी. पाण्याची टाकी व रांजण आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावेत आणि कोरडे करावेत, म्हणजे डासांच्या अळ्यांना अवधी मिळत नाही. धानाची कोठी उंदरांपासून सुरक्षित असावी. कारण उंदरांमागे साप येतो, आणि उंदराची आठवण मांडवीनेही आपल्याला दिली आहे. आणि आशाताई किंवा फवारणीचे पथक आले, तर दार पूर्ण उघडावे, ताप असलेले माणूस पुढे करावे आणि नंतर काही महिने ती भिंत सारवू नये.

भिंतीवर तडा दिसला तर मालकाने भाडेकरूला धाक घालू नये आणि भाडेकरूने तो कॅलेंडरमागे झाकू नये. दाखवलेल्या दोषाला शिक्षा होते, असा अनुभव आला की माणूस दोष दाखवणे सोडतो. मुंबईत १८९७ मध्ये हेच झाले. दाखवलेल्या दोषाची दुरुस्ती होते, असा विश्वास वाटला की तो स्वतःहून दार उघडतो. प्रायश्चित्त संस्काराला जाणाऱ्या मनाला हे सांगायला नको.

सालेकसा परिसरातील ती जुनी फवारणीची तारीख अनेक भिंतींवरून आता पुसली गेली आहे. मातीच्या जागी विटा आल्या, डीडीटीच्या जागी दुसरी औषधे आली. पण ती तारीख लिहिणारा कर्मचारी आणि ती भिंत सारवणारी गृहिणी या दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, घरातली लेकरे सुखरूप असावीत. त्या दोघांनी दारात उभे राहून एकमेकांशी पाच मिनिटे बोलणे, एवढेच कमी पडत होते. ते बोलणे आपल्या घरी, आपल्या भाडेकरूशी, आपल्या मालकाशी या मे महिन्यात तरी व्हावे.